अक्षराचा शेजार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर माझे चित्रकलेचे शिक्षक. पाचवीत असताना त्यांनी आम्हाला पहिले दोन आठवडे एकही अक्षर काढू दिलं नाही. बोरू कसा तासायचा, त्याच्या टोकाला चीर कुठे द्यायची, दौतीत किती बुडवायचा, एवढंच. मग बोरू कागदावर टेकवायचा, तिरका ओढायचा आणि उचलायचा. त्यातून उमटायचा एक चौकोनी ठिपका, शंकरपाळ्यासारखा. असे पानभर ठिपके. सर म्हणायचे, ‘‘ठिपका म्हणजे तुझ्या बोरूची रुंदी. ती कळली की अक्षर किती उंच करायचं ते बोरूच सांगेल.’’

त्यानंतर कितीतरी वर्षांनी माझ्या पुतणीकडे शारजाला गेलो. तिथल्या जुन्या वस्तीत सुलेखनाचं संग्रहालय आहे, २००२ साली सुरू झालेलं. एका काचेआड शिकाऊ मुलांसाठी लिहिलेली पानं होती. प्रत्येक अक्षराच्या अंगाखांद्यावर तेच शंकरपाळे ठिपके होते. उभ्या अलिफच्या बाजूला एकावर एक रचलेले, वाटोळ्या नूनच्या पोटात आडवे मांडलेले. अलिफ इतक्या ठिपक्यांचा उंच, नूनचं पोट इतक्या ठिपक्यांचं रुंद. मला अरबीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्या पानावर काय चाललं आहे ते मला कळलं. माझ्या हातानं ते केलं होतं.

तिथून परतल्यावर मी अरबी अक्षरांच्या मागे लागलो. एका शिक्षकांकडे जाऊन अक्षरओळख करून घेतली. मिळतील ती प्रदर्शनं पाहिली, मिळतील ते कॅटलॉग वाचले. आजचं व्याख्यान त्यातून आलं आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत शारजा, दुबई, कैरो, जिद्दा, लंडन इथल्या कलादालनांत अरबी सुलेखन आणि संगणक यांची गाठ पडली आहे. त्या भेटीत अक्षराचं काय होतं, हा माझा आजचा विषय.

सुरुवातीला एक गोष्ट सांगतो. बोरूची ही विद्या आपल्याला परकी नाही. कलम, दौत, कागद, शाई हे आपले रोजचे शब्द अरबी-फारसीतून आले आहेत. ज्याला अरबीत ‘खत्त’ म्हणतात, म्हणजे रेघ आणि हस्ताक्षर दोन्ही, तो आपल्याकडे खरेदीखतात आणि कर्जखतात जाऊन बसला आहे. आपण ज्याला कित्ता म्हणतो आणि जो गिरवतो, तो कित्ताही तिकडचाच. तिथल्या उस्तादांच्या सुट्या सुलेखन-पानाला ‘कित्आ’ म्हणतात.

आता तो ठिपका. ठिपक्यानं अक्षर मोजण्याच्या या रीतीचं श्रेय परंपरेनं इब्न मुक्ला यांना दिलं जातं. दहाव्या शतकातल्या बगदादमध्ये ते तीन अब्बासी खलिफांचे वजीर होते. अलिफची उंची ठिपक्यांत ठरवायची, ती उंची व्यास धरून एक वर्तुळ कल्पायचं आणि बाकीची अक्षरं त्या वर्तुळाच्या हिशोबात बसवायची, अशी ती पद्धत. दरबारी कारस्थानांत त्यांचा उजवा हात तोडला गेला आणि इसवी सन ९४० मध्ये ते कैदेतच वारले. तुटलेल्या हाताला कलम बांधून ते लिहीत राहिले असं सांगतात. पुढे इब्न अल-बव्वाब यांनी त्या मापांना डौल दिला. त्यांच्या हातचं कुराण, इसवी सन १००० च्या सुमाराचं, आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. तेराव्या शतकात याकूत अल-मुस्तासिमी यांनी कलमाचं टोक तिरपं कापलं आणि रेघेची जाडी-बारीकी पालटली. १२५८ साली मंगोलांनी बगदाद लुटलं तेव्हा ते एका मिनारात जाऊन बसले आणि तिथे लिहीत राहिले, अशी त्यांची कथा आहे. तीन शतकं, तीन माणसं, आणि कामाला एकच कलम आणि एकच ठिपका.

म्हणून ‘परंपरेचं सुलेखन एकीकडे आणि संगणकाचं गणित दुसरीकडे’ ही वाटणी मला पटत नाही. आकड्यांचा हिशोब त्या कलेत हजार वर्षांपूर्वीच होता. खरी गाठ वेगळ्या जागी पडते. ती जागा म्हणजे अक्षराचा शेजार.

अरबीत अठ्ठावीस अक्षरं. त्यांतली सहा अशी आहेत, की आधीच्या अक्षराचा हात धरतात, पण पुढच्याला हात देत नाहीत. उरलेली बावीस दोन्हीकडे हात देतात. त्यामुळे एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं आणि एकटं असताना चौथं रूप घेतं. ‘हा’ हे अक्षर एकटं असेल तर साधं गोल कडं. मध्ये आलं की आठाच्या आकड्यासारखी दोन वेटोळी होतात. शेजारी कोण बसलं आहे हे कळल्याशिवाय अरबी अक्षराला स्वतःचं रूपच ठरवता येत नाही.

हे अवघड वाटत असेल तर आपल्या ‘र’कडे पाहा. राम, अर्क, क्रम, राष्ट्र आणि वाऱ्यावर. पाच शब्द, आणि ‘र’ प्रत्येकात निराळा. कधी डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी पायाशी तिरका येतो, कधी टोपीसारखा खाली उलटा होतो, कधी नुसत्या पापणीएवढा उरतो. मोडीत तर शब्दच काय, ओळच्या ओळ हात न उचलता जायची. शेजारधर्म आपल्या लिपीलाही ठाऊक आहे.

छापखान्याला मात्र हा शेजार कळेना. खिळा म्हणजे शिशाचा एकटा चौकोन. त्याच्या बाजूला कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रोमन अक्षरं मुळात सुटी, त्यांना हे सोसलं. अरबी अक्षरांना नाही. व्हेनिसमध्ये पागानिनी बापलेकांनी १५३७-३८ च्या सुमारास कुराण छापलं. त्यात ठिपक्यांच्या आणि अक्षरांच्या इतक्या चुका राहिल्या की तो व्यवहारच बुडाला. त्याची एकमेव ज्ञात प्रत १९८७ साली व्हेनिसमधल्याच एका मठात सापडली. कैरोत १८२० साली बुलाकचा छापखाना निघाला. तिथल्या माणसांनी नेटानं शेकडो जोडखिळे पाडून सुलेखनाची बरीच लाज राखली. पण विसाव्या शतकात टंकलेखन यंत्रं आणि लायनोटाइप आली आणि घाई आली. १९५० च्या दशकात बैरुतचे संपादक कामिल मुरुव्वा यांनी लायनोटाइप कंपनीबरोबर वर्तमानपत्रासाठी ‘सोपी अरबी’ घडवली. चार रूपांच्या जागी दोन. काम झपाट्यानं व्हायला लागलं, आणि लाखो वाचकांचे डोळे त्या काटछाटीला सरावले.

त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. आपणही तेच केलं. जुन्या मराठी मासिकांत ‘अि, अी, अु’ अशी बाराखडी आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी वाचली असेल. खिळे कमी लागावेत म्हणून ‘इ, ई, उ’ यांना रजा दिली होती. यंत्राला जमेना म्हणून लिपीनं अंग चोरलं, ही विसाव्या शतकातली मोठी गोष्ट आहे आणि कलेच्या इतिहासात ती फार कमी सांगितली जाते. कारण ती कलादालनात घडली नाही, छापखान्यात घडली.

आणि जिथे लिपीनं अंग चोरायला नकार दिला, तिथे माणसं राबली. उर्दूची नस्तालिक लिपी तर ओळीवरून तिरपी घसरत येते. तिला खिळ्यांत बसवणं जवळपास अशक्यच. त्यामुळे मुंबईसकट सगळीकडची उर्दू वर्तमानपत्रं अनेक दशकं कातिबांनी, म्हणजे व्यावसायिक लेखनिकांनी, हातानं लिहिली आणि शिळाछापानं छापली. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपं एकेक करून रेखली, आणि त्यांच्यावरून मोनोटाइप कंपनीनं संगणकासाठी ‘नूरी नस्तालिक’ बनवलं. १९८१ साली लाहोरचं ‘जंग’ त्यात निघालं. तंत्राचा हा विजय होता आणि कातिबांच्या पोटावर तो पाय होता. दोन्ही खरं आहे. चेन्नईत १९२७ साली सुरू झालेलं ‘द मुसलमान’ मात्र एकविसाव्या शतकातही हातानं लिहून छापलं जात राहिलं.

मग संगणकानंच एक उलटी गोष्ट केली. हॉलंडमधल्या डेकोटाइप या छोट्या गटानं, म्हणजे टॉमस मिलो आणि मिरियम व पेटर सोमर्स यांनी, १९८० च्या दशकात प्रश्नच बदलला. अक्षर दिसतं कसं, हे त्यांनी विचारलं नाही. हात ते लिहितो कसं, हे विचारलं. अक्षरांचे साचे न करता कलमाच्या हालचालींचे तुकडे केले आणि शेजार पाहून ते जुळवण्याचे नियम संगणकाला शिकवले. २०११ साली खालिद होस्नी यांनी बुलाकच्या जुन्या खिळ्यांवर बेतलेला ‘अमिरी’ फॉन्ट सगळ्यांसाठी मोफत खुला केला. आपल्याकडे र. कृ. जोशी हेच करत होते. बोरू आणि संगणक यांत त्यांना भांडण दिसत नव्हतं. आपल्या संगणकांत वर्षानुवर्षं असलेला ‘मंगल’ फॉन्ट त्यांच्याच हातचा.

कधी वेळ मिळाला तर मोबाइलवर अरबी कळफलक घ्या आणि एक शब्द हळूहळू टाइप करा. पहिलं अक्षर एकटं उमटतं. दुसरं दाबलं की पहिलं चमकून बदलतं, शेपटी आवरतं, हात पुढे करतं. तिसरं आलं की दुसरं बदलतं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तेच तेच अक्षर पुसून पुन्हा टाइप करत बसलो होतो. अरबी लिपीतला डिजिटल प्रयोग म्हणजे मला आधी हा वाटतो, आणि तो कोट्यवधी लोकांच्या तळहातावर रोज चालतो.

आता चित्रकारांकडे येऊ. छापखाना अक्षराला कापत होता त्याच काळात चित्रकार त्याला ओळीतून उचलून बाहेर नेत होते. इराकच्या मदीहा उमर यांनी १९४९ साली वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन वाचनालयात अरबी अक्षरांवरची चित्रं मांडली. या वाटेवरच्या पहिल्या प्रदर्शनांत ते गणलं जातं. १९७१ साली बगदादमध्ये शाकिर हसन अल सईद यांनी ‘एक परिमाण’ या नावाचा गट काढला. या सगळ्या प्रवाहाला पुढे ‘हुरूफिय्या’ म्हणू लागले. हर्फ म्हणजे अक्षर, हुरूफ त्याचं अनेकवचन. अर्थ पोचवण्याच्या कामातून अक्षराला सुटी द्यावी, त्याला नुसता आकार म्हणून पाहावं, हा त्यांचा ध्यास.

यातले मला सर्वांत जवळचे वाटतात ते सुदानचे इब्राहिम अल-सलाही. १९३० साली ओमदुरमानमध्ये जन्म. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकून ते १९५७ साली मायदेशी परतले आणि खार्टूममध्ये आपली युरोपीय वळणाची चित्रं लावली. लोक पहिल्या दिवशी आले, नंतर फिरकले नाहीत. सलाही चिडले नाहीत. लोकांना आपल्या कामात काय सापडत नाही हे शोधायला ते देशभर हिंडले. घराघरांत त्यांना भिंतीवरची सुलेखनाची पानं दिसली, चटयांवरची आणि भांड्यांवरची नक्षी दिसली. मग त्यांनी अक्षर घेतलं आणि फोडलं. फुटलेल्या अक्षराच्या पोकळ्यांतून चेहरे, जनावरं, झाडं बाहेर येऊ लागली. कलाशाळेत हे कुणी शिकवत नाही. ज्यांनी चित्र नाकारलं त्यांच्याच घरी जाऊन चित्रकला पुन्हा शिकायची, याला मोठं मन लागतं.

२००६ साली ब्रिटिश म्युझियमनं ‘वर्ड इन्टू आर्ट’ नावाचं मोठं प्रदर्शन भरवलं, व्हेनिशिया पोर्टर यांनी मांडलेलं; २००८ साली ते दुबईलाही गेलं. शारजात सुलेखनाचं द्वैवार्षिक प्रदर्शन २००४ पासून भरतं. २०२१ साली सोळा अरबी देशांच्या प्रस्तावावरून युनेस्कोनं अरबी सुलेखनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मान मोठा मिळाला. पण मानाबरोबर एक संकट येतं. अक्षर काचेआड जातं, आणि काचेआड गेलेल्या अक्षराला शेजार उरत नाही.

डिजिटल सुलेखन म्हणून मी जे पाहिलं त्यातलं बरंचसं मला पोकळ वाटलं, हे मी इथे मोकळेपणानं सांगतो. काळोखी दालन, चारी भिंतींवर प्रक्षेपक, वरून अक्षरं पावसासारखी पडतात, पायाशी विरघळतात, मागे संगीत. लोक आपापले फोटो काढतात आणि बाहेर येतात. पडणारी ती अक्षरं सुटी असतात. अलिफ, वाव, मीम अशी एकेकटी. छापखान्यानं नाइलाजानं जे केलं ते इथे हौसेनं केलेलं असतं.

म्हणून एका कामाजवळ आज जरा थांबणार आहे.

म्युनिकमध्ये १९१० साली इस्लामी कलेचं एक विख्यात प्रदर्शन झालं होतं. त्याच्या शताब्दीनिमित्त २०१० साली हाउस देर कुन्स्ट या दालनानं नवं प्रदर्शन योजलं आणि बाहिया शिहाब यांना बोलावलं. त्या लेबनीज-इजिप्शियन, कलेतिहासाच्या अभ्यासक, कैरोत शिकवणाऱ्या. अट एकच होती: कामात अरबी लिपी हवी. शिहाब यांनी स्वतःला विचारलं, कलावंत म्हणून, अरब म्हणून, स्त्री म्हणून, आजची माणूस म्हणून मला सांगायचं काय आहे? उत्तर आलं: नाही. अरबीत नाही म्हणजे ‘ला’. लाम आणि अलिफ ही दोन अक्षरं एकमेकांत गुंतून त्याचं एक रूप होतं. इस्लामच्या श्रद्धावचनाची सुरुवातही याच ‘ला’नं होते. त्यांनी चौदाशे वर्षांच्या आणि स्पेनपासून चीनच्या सरहद्दीपर्यंतच्या वस्तूंवरून एक हजार निरनिराळे ‘ला’ गोळा केले. मशिदीवरचे, कबरींवरचे, थाळ्यांवरचे, कापडावरचे, पोथ्यांतले. प्रत्येक ‘ला’ कुठला, कोणत्या काळातला, कशावरचा, याची नोंद केली आणि त्याचं पुस्तक केलं. हजार ‘ला’ पारदर्शक पडद्यावर छापून म्युनिकमध्ये लावले. इथवर तो संशोधकाचा सुंदर संग्रह होता.

मग २०११ उजाडलं आणि कैरोत क्रांती झाली. पुढल्या महिन्यांत लष्करानं निदर्शकांवर हात टाकला. मोहम्मद महमूद रस्त्यावर तरुणांच्या डोळ्यांवर नेम धरून छर्रे मारले गेले. एका निदर्शक स्त्रीला सैनिकांनी ओढत नेताना तिचे कपडे फाटले आणि तिची निळी ब्रा साऱ्या जगाला दिसली. शिहाब यांनी आपल्या संग्रहातले ‘ला’ काढले, त्यांचे स्टेन्सिल कापले आणि रंगाचे डबे घेऊन त्या रस्त्यावर गेल्या. लष्करी राजवटीला ‘ला’. डोळे फोडण्याला ‘ला’. स्त्रीला विवस्त्र करण्याला ‘ला’, त्याच्या जोडीला ती निळी ब्रा. भिंती पुसल्या गेल्या, शिहाब पुन्हा गेल्या.

इथे अक्षराचं काय झालं ते पाहा. सातआठशे वर्षांपूर्वी कुणा कारागिरानं एखाद्या कबरीवर कोरलेला ‘ला’ छायाचित्र झाला, संगणकावर रेखला गेला, पारदर्शक पडद्यावर लटकला, पुठ्ठ्यात कापला गेला आणि शेवटी एका पोरक्या भिंतीवर, जिच्या समोर कालच कुणाचा डोळा गेला होता अशा जागी, येऊन बसला. या साऱ्या प्रवासात तंत्र किती लागलं! तरी पाहणारा तंत्र पाहत नाही. तो ‘नाही’ वाचतो. कामावरून घरी निघालेला माणूस, त्या गल्लीतली म्हातारी, पहाऱ्यावरचा शिपाईसुद्धा. ‘ला’ला त्याचा शेजार परत मिळाला होता.

दुबईचं ‘म्युझियम ऑफ द फ्यूचर’ याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. २०२२ च्या फेब्रुवारीत ते खुलं झालं. सत्त्याहत्तर मीटर उंचीचं, मधोमध भोक असलेलं लंबगोल कडं. शॉन किला हे त्याचे वास्तुरचनाकार. अंगभर अरबी सुलेखन, मत्तार बिन लाहेज यांच्या हातचं. मजकूर दुबईच्या शासकांच्या भविष्याविषयीच्या वचनांचा. अक्षरं नुसती रंगवलेली नाहीत, अक्षरं म्हणजेच खिडक्या. पोलादी पत्र्याचे एक हजार चोवीस तुकडे संगणकाच्या आधारे घडवून ते कवच उभारलं आहे. एक हजार चोवीस, म्हणजे एका किलोबाइटचा आकडा. वळणाऱ्या पृष्ठभागावर कलमाची वळणं न मोडता बसवणं हे कोणत्याही हाताला शक्य नव्हतं, आणि ते ज्यांनी केलं त्यांच्यापुढे मी मान लववतो. आत शिरलो तेव्हा त्या अक्षरांतून ऊन येत होतं. खिडक्या आतून पाहिल्या की अक्षरं उलटी दिसतात, आरशातल्यासारखी. मी बराच वेळ एक शब्द ओळखायचा प्रयत्न करत उभा होतो. बाजूनं माणसांचा लोंढा वाहत होता, आणि एवढ्या प्रचंड मजकुरासमोर वाचायला थांबलेलं कुणी मला दिसलं नाही.

एल सीड या कलावंताला हे दुखणं कळलं असावं. पॅरिसमध्ये वाढलेला ट्युनिशियन वंशाचा हा माणूस. २०१६ साली त्यानं कैरोच्या मन्शियत नासिर वस्तीत काम केलं. शहराचा कचरा गोळा करून, निवडून त्यावर जगणारी ही बहुतांशी कॉप्टिक ख्रिस्ती माणसांची वस्ती. बाहेरचे लोक त्यांना कचऱ्याच्याच नावानं ओळखतात. एल सीडनं जवळजवळ पन्नास इमारतींवर मिळून एकच वर्तुळाकार लेख रंगवला. गल्लीतून पाहिलं तर नुसते रंगाचे फटकारे. मुकत्तमच्या डोंगरावरच्या एका जागेवरून पाहिलं तरच तुकडे जुळतात आणि वाक्य उमटतं. वाक्य अलेक्झांड्रियाच्या संत अथानासियस यांच्या वचनावरून घेतलेलं. ज्याला सूर्यप्रकाश लख्ख पाहायचा आहे त्यानं आधी आपले डोळे पुसावेत, असा त्याचा आशय. कोन आणि उतार यांचा काटेकोर हिशोब त्यामागे आहे. पण मला भावतं ते वेगळंच. एका घराच्या भिंतीवर अक्षराची जेमतेम एक वेलांटी येते. ती वेलांटी शेजारच्या घराशिवाय निरर्थक आहे.

याच्या उलट एक प्रसंग. २०१५ साली ‘होमलँड’ या अमेरिकी मालिकेसाठी बर्लिनजवळ सीरियन निर्वासितांच्या छावणीचा देखावा उभारला होता. भिंती खऱ्या वाटाव्यात म्हणून अरबी ग्राफिटी हवी होती. हिबा अमीन, कॅरम काप आणि डॉन कार्ल या कलावंतांना ते काम दिलं. त्यांनी भिंतीवर अरबीत लिहिलं की ही मालिका वंशद्वेषी आहे. चित्रीकरण झालं, संकलन झालं, भाग जगभर दाखवला गेला. एवढ्या मोठ्या ताफ्यात भिंत वाचणारा एकही माणूस नव्हता. मला त्यात दुःख दिसतं. ज्यांच्या छावणीची ती गोष्ट होती, त्यांची लिपी तिथे रंगाच्या ओरखड्यांहून अधिक काही नव्हती.

आणि अक्षर प्रकाशाचं झालं की आणखी एक अडचण उभी राहते. मोरोक्कोचे मुनीर फातमी सुलेखनाची चक्रं करून ती यंत्राच्या दात्यांसारखी फिरवतात. त्यांची ती चित्रफीत डोळ्यांना खिळवून ठेवते. २०१२ साली फ्रान्सच्या तुलूझ शहरात त्यांचं ‘टेक्नोलॉजिया’ हे काम पुलाजवळ जमिनीवर प्रक्षेपित केलं गेलं. त्यात कुराणातली वचनं होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय त्यांवर पडू लागले. मुस्लिम रहिवासी दुखावले, वाद झाला आणि कलावंतानं काम मागे घेतलं. पुस्तकाला पाय लागला तर आपण अजून पटकन हात लावून कपाळाला लावतो. त्यामुळे ही वेदना आपल्याला समजायला हवी. त्याच वेळी कलावंताला गप्प बसवण्याच्या बाजूनंही मी नाही. पण कागदावरचं अक्षर कुठे ठेवायचं हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, आणि प्रकाशाचं अक्षर कुठेही पडतं. ते कुठे पडणार आहे हे ठरवणं, हा आता सुलेखनाच्या शिक्षणाचाच भाग झाला आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल मला हल्ली सगळे विचारतात. चित्रं बनवणाऱ्या यंत्रांनी सुरुवातीच्या काळात अरबी लिहून दाखवलं ते अक्षरासारखं दिसणारं, पण अक्षर नसलेलं काहीतरी होतं. साध्या छपाईतही अजून फलकांवर, पिशव्यांवर अरबी शब्द तुटके आणि उलट्या दिशेनं छापलेले सापडतात. यंत्रं सुधारतील, सुधारतही आहेत. मला फरक दिसतो तो दुसऱ्या जागी. ट्युनिसचे ज्येष्ठ कलावंत निजा महदावी आयुष्यभर न वाचता येणारी अक्षरं रेखत आले आहेत. ढोलांवर, कापडावर, एकदा तर विमानाच्या अंगावर. त्यांच्या कामात एकही शब्द सापडत नाही. पण प्रत्येक वळण त्यांनी वाचता येत असताना मोडलेलं आहे. कुठे थांबलं की शब्द होईल हे त्यांना ठाऊक असतं आणि ते त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबतात. ते थांबणं शिकायला आधी पानभर ठिपके काढावे लागतात.

आपल्याकडे अक्षरांची प्रदर्शनं भरतात, मोठे कागद, मोठे कुंचले, तरुणांची गर्दी, हे पाहून मला आनंद होतो. पण त्यातल्या किती मुलांना पापणीएवढा ‘र’ कुठे वापरायचा ते माहीत आहे, असा प्रश्न मनात येतो, आणि मग मी त्यांच्या शेजारी बसून ‘वाऱ्यावर’ लिहून दाखवतो.

शेवटी पुन्हा सलाहींकडे जातो. १९७५ साली खार्टूममध्ये त्यांना अटक झाली आणि कुठलाही आरोप न ठेवता त्यांना सहा महिने कोबेर तुरुंगात ठेवलं गेलं. तिथे कागद आणि पेन्सिल बाळगायला बंदी होती. सलाही सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदाचे कपटे मिळवत आणि पेन्सिलच्या थोटकानं त्यांवर रेघा काढत. पहारेकऱ्याची चाहूल लागली की कपटे वाळूत पुरत. एका कपट्यावर चित्राचं बी काढायचं, मग दुसरा कपटा त्याच्या शेजारी, त्यावर चित्र पुढे वाढवायचं, मग तिसरा. सुटका झाल्यावर ते कपटे वाळूतच राहिले. पद्धत मात्र त्यांनी बाहेर आणली. त्यांचं ‘अटळ’ या अर्थाच्या नावाचं मोठं चित्र १९८४-८५ मधलं. ते नऊ तुकड्यांचं आहे, शेजारी शेजारी वाढवत नेलेलं. २०१३ साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं सिंहावलोकन प्रदर्शन झालं तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते.

पुढे ऑक्सफर्डच्या घरी त्यांच्या पाठीला असह्य वेदना सुरू झाल्या. मोठ्या कागदासमोर उभं राहता येईना. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी औषधांची रिकामी खोकी उलगडली आणि त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर शाईनं काढायला लागले. तळहाताएवढी चित्रं, गोळ्यांच्या पाकिटाच्या घड्या जशाच्या तशा. त्या मालिकेला त्यांनी वेदनाशामक चित्रं असंच नाव दिलं. नंतर त्यांतली काही छपाईच्या तंत्रानं कितीतरी पटींनी मोठी करून कापडावर उतरवली गेली. त्या मोठ्या कापडावरही खोक्याची कड दिसते, आणि कडेपाशी थांबलेली रेघ दिसते, पुढचा तुकडा लावायला जागा ठेवून थांबलेली.